भुवई उतरली की पापणी? चार शस्त्रक्रियांचा इतिहास आणि एक निवड

आपल्या ताज्या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना येणारे "अं" आणि "म्हणजे काय की" काढून टाकलेत, काही ठिकाणी क्रम नीट केलाय. बाकी माल तोच.

आजचा विषय तुमच्या फीडवर रोज येतो. डोळे थकलेले दिसतात? पापण्या जड झाल्यात? मग कुठलं तरी क्लिनिक तुम्हाला रीलमधून सांगतं, "अप्पर ब्लेफरोप्लास्टी करा." पुढची रील म्हणते, "ब्रो लिफ्ट." तिसरी म्हणते, "कापाकापी कशाला, बोटॉक्स आहे ना!" आणि कुणी जरा अभ्यासू डॉक्टर असेल तर चौथा शब्द येतो, टोसिस सर्जरी. ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच दुखण्यावर चार कंपन्यांची चार औषधं आहेत, किंमत आणि सुट्ट्या बघून एक उचलायचं.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही. पण कुठलाही जुना कोड वाचताना मी आधी बघतो की हा तुकडा कुणी, कधी आणि कुठली अडचण सोडवायला लिहिला. या चार उपायांचा इतिहास तसा वाचला आणि एक गोष्ट लख्ख दिसली. हे चारही उपाय वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रश्नांसाठी जन्मले. ते एकमेकांचे पर्याय नाहीतच. म्हणून निवड करायची ती उपायाची नाही, आधी आपला प्रश्न कोणता ते ओळखायचं.

आधी पापणी, तीसुद्धा केसांमुळे

आपल्या भाषेत गंमत बघा. "पापणी मिटली" म्हणतो तेव्हा पापणी म्हणजे डोळ्यावरचा पडदा. "तिच्या पापण्या लांब आहेत" म्हणतो तेव्हा तोच शब्द केसांसाठी. प्राचीन वैद्यांसाठीही या दोन गोष्टी जोडलेल्याच होत्या. पडदा ढिला झाला की केस आत वळायचे, बुबुळावर घासायचे, आणि माणूस हळूहळू दृष्टी गमवायचा.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या आजाराला पक्ष्मकोप म्हटलंय आणि त्यावर शस्त्रक्रिया दिलीय. भुवई आणि पापणीचे केस यांच्या मधल्या कातडीतून जवाच्या दाण्याच्या आकाराचा तुकडा काढायचा आणि कडा केसाने शिवायच्या. कुठून कापायचं हे सांगताना भुवईखाली किती भाग सोडायचा आणि केसांच्या बाजूला किती, याचंही माप दिलंय. हे माप लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात ढिल्या पापणीची कातडी कापून शिवण्याची कृती लिहिली. बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याने तर चाकूही टाळला. जास्तीची कातडी दोन बारीक काड्यांच्या चिमट्यात करकचून बांधून ठेवायची. रक्तपुरवठा बंद झाला की काही दिवसांत ती सुकून गळून पडायची. वाचताना अंगावर काटा येतो, पण भूल नसलेल्या जगात हा विचार अगदीच वेडा नव्हता.

या तिघांपैकी कुणाचाही उद्देश "तरुण दिसणं" नव्हता. डोळा वाचवणं हा होता. आणि तिघांचंही लक्ष पापणीच्या कातडीवर होतं, भुवईकडे नाही.

पुण्याहून बर्लिनला

आता एक वळण, आणि ते आपल्या घराजवळून जातं. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवीन नाक बसवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापून आली. त्यात हा माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता असं म्हटलंय. आपल्याकडे त्याला कुंभार म्हणून ओळखतात, नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. त्याने मेणाचं नाक करून त्याचं माप कपाळावर उतरवलं, कपाळाची कातडी सोडवली, पण भुवयांच्या मध्ये एका पट्टीने जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहिलं. मग ती फिरवून नाकाच्या जागी शिवली.

ते वाचून जोसेफ कार्पू या लंडनच्या सर्जनने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते जर्मनीत पोचलं. बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफेने १८१८ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवर स्वतःचा ग्रंथ काढला. "ब्लेफरोप्लास्टी" हा शब्दही त्याच वर्षीचा, त्याच माणसाचा. म्हणजे आज रीलमध्ये येणारा हा शब्द ज्या टेबलावर जन्मला, त्या टेबलावर पुण्याच्या हकिकतीचं ऋण होतं.

पण ग्रेफेने तो शब्द सौंदर्यासाठी वापरला नव्हता. कॅन्सरमुळे पापणीचा भाग काढावा लागला की ती पुन्हा घडवायची, त्याला तो ब्लेफरोप्लास्टी म्हणत होता. शब्द तोच राहिला, अर्थ पुढे बदलत गेला.

याच शतकात आणखी एक प्रश्न वेगळा निघाला. काही जणांची कातडी जास्त नसते, तर पापणी उचलणारा स्नायूच कमजोर असतो, किंवा त्याचा कंडरा ताणून सैल झालेला असतो. पापणीची कडाच बाहुलीवर उतरते. याला टोसिस म्हणतात. १८८३ मध्ये एव्हर्सबुश या जर्मन नेत्रतज्ज्ञाने पापणीच्या कातडीतून आत जाऊन तो स्नायू आखूड करण्याची पद्धत मांडली. इथे कितीही कातडी कापा, पडदा वर जात नाही. कारण दोरी सैल आहे, कापड जास्त नाही.

तरुण दिसणं हा प्रश्न कधी आला?

विसाव्या शतकात. आणि त्याचं उत्तर फक्त "हौस" असं नाही.

पॅरिसच्या डॉक्टर सुझान नोएल यांची गोष्ट सांगतो. जन्म १८७८. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांवर उपचार शिकल्या, केले. युद्धानंतर त्यांच्याकडे बायका यायला लागल्या. वय दिसायला लागलं म्हणून काम जाईल या भीतीने आलेल्या. विधवा, एकट्या राहणाऱ्या, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या. नोएल आपल्या घरातच, फक्त त्या जागेपुरती भूल देऊन, सुरकुत्या आणि पापण्यांच्या छोट्या शस्त्रक्रिया करायच्या. पेशंट त्याच दिवशी घरी. १९२६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. नाव मराठीत सांगायचं तर 'सौंदर्यशस्त्रक्रिया आणि तिची सामाजिक भूमिका'. त्या मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या स्त्रीवादी होत्या. त्यांना ही शस्त्रक्रिया आणि तो लढा परस्परविरोधी वाटला नाही. यावर आजही वाद घालता येतो. समाजाने बाईच्या सुरकुत्यांना शिक्षा द्यायची आणि बाईने चाकूखाली जाऊन ती टाळायची, हा न्याय आहे का? नसेलही. पण ज्या बाईचा पगार उद्यापासून बंद होणार आहे तिला नोएल यांनी व्याख्यान दिलं नाही.

भुवई इतिहासात येते ती याच सुमारास. १९१९ मध्ये पॅरिसच्याच रेमॉ पासो याने केसांच्या रेषेजवळून कातडीचे लंबगोल तुकडे काढून कपाळ आणि भुवई वर ओढण्याची पद्धत लिहिली. १९२६ मध्ये अमेरिकेत हंट याने केसांमधून डोक्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणाऱ्या छेदाचं वर्णन केलं. सुरुवातीच्या या शस्त्रक्रिया टिकायच्या नाहीत, कारण नुसती कातडी ओढली जायची. खालचे स्नायू आपलं काम करतच राहायचे आणि भुवईला पुन्हा खाली आणायचे. स्नायूंकडे लक्ष जायला पुढची काही दशकं गेली.

कपाळ गुपचूप ओव्हरटाइम करतं

इथे थांबून शरीराचं डिझाइन समजून घेऊ, कारण खरी गोम इथे आहे.

भुवईला वर नेणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली खेचणारे मात्र बरेच, आणि वर वयाचं वजन. मराठीत आश्चर्य वाटलं की आपण "भुवया उंचावतो". पण ज्याच्या पापण्या डोळ्यावर येतात तो माणूस दिवसभर नकळत भुवया उंचावून जगत असतो. म्हणूनच कपाळावर आडव्या आठ्या, आणि संध्याकाळी कपाळ दुखणं.

आता अशा माणसाच्या पापणीची जास्तीची कातडी काढली तर काय होतं? डोळ्यासमोरचा अडथळा जातो. मेंदू म्हणतो, कपाळाला आता राबायची गरज नाही. कपाळ सैल पडतं, आणि भुवई जिथे खरं तर होती तिथे उतरते. पेशंट आरशात बघतो आणि म्हणतो, पैसे भरले, टाके घातले, आणि फरक अर्धाच! आमच्या धंद्यात याला लक्षणावर पॅच मारणं म्हणतात. एरर एका फाइलमध्ये दिसते, बग दुसऱ्याच फाइलमध्ये असतो.

असाच दुसरा सापळा. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ट हेरिंग याने १८६८ मध्ये मांडलं की दोन्ही डोळ्यांच्या जोडीच्या स्नायूंना मेंदू सारखाच हुकूम पाठवतो. त्याने ते डोळ्यांच्या हालचालींबद्दल म्हटलं होतं, पण वरच्या पापण्यांनाही ते लागू पडतं. एक पापणी उतरली की मेंदू जोर वाढवतो, आणि तो जोर दुसऱ्या पापणीलाही मिळतो. उतरलेली दुरुस्त केली की जोर कमी होतो, आणि "चांगली" वाटणारी पापणी खाली येते. म्हणून जाणता सर्जन एक पापणी बोटाने उचलून दुसरीचं काय होतं ते आधी बघतो.

कॅमेरा, सुई आणि जास्त काढल्याचा पश्चात्ताप

१९५१ मध्ये कास्तान्यारेस या सर्जनने पापण्यांमधल्या चरबीच्या कप्प्यांचा नकाशा मांडला. नकाशा हातात आला तशी चरबी सढळ हाताने काढली जाऊ लागली. पुढे त्याच चेहऱ्यांचं वय वाढलं तेव्हा डोळे खोल गेलेले, आणखी म्हातारे दिसू लागले. आज सर्जन हात राखून चरबी काढतात ते या धड्यामुळे.

१९९० च्या दशकात ब्रो लिफ्टमध्ये दुर्बिणीचा कॅमेरा आला. लांबलचक छेदाऐवजी केसांच्या मागे काही छोटे छेद. जुन्या पद्धतीत डोक्याची कातडी बधिर राहणं, व्रणावर केस न येणं, कपाळ उंच दिसणं हे त्रास व्हायचे, ते कमी झाले. टक्कल असलेल्या किंवा अर्धा चेहरा लुळा पडलेल्या माणसासाठी भुवईच्या लगेच वरून छेद घेण्याची पद्धत अजूनही वापरतात. व्रण दिसू शकतो, पण भुवई भरवशाने उचलली जाते.

आणि बोटॉक्स? ते आधी तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी वापरलं गेलं. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली ती याच कामांसाठी. कॅनडात व्हँकुव्हरच्या जीन आणि ॲलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याच्या लक्षात आलं की या पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. १९९२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, २००२ मध्ये त्या वापराला अमेरिकेत मान्यता मिळाली. भुवईला खाली खेचणारा स्नायू सैल केला तर भुवई एक-दोन मिलिमीटर उचलली जाते, तीन-चार महिन्यांपुरती. पण तेच इंजेक्शन आठ्या घालवायला सरसकट कपाळात दिलं, तर एकटा वर ओढणारा स्नायूच झोपतो आणि भुवई अजून खाली येते. ज्याचं कपाळ ओव्हरटाइम करतंय त्याच्यासाठी हा सौदा उलटा पडतो.

मावशीचा हिशेब

हे सगळं मी वाचायला घेतलं ते मावशीमुळे. वय ६१, शिवणकाम करते. मशीनवर मान खाली घातली की पापणीचा पडदा खाली. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं. एका क्लिनिकने पाच मिनिटांत पापण्यांचं ऑपरेशन लिहून दिलं. दुसऱ्याने ब्रो लिफ्ट, वर हप्त्यांची सोय. दोघांनीही तिला कपाळ सैल सोडायला सांगितलं नव्हतं.

घरात वेगळंच चाललेलं. "या वयात हे काय खूळ?" असं एका नातेवाइकाने म्हटल्यावर मावशी म्हणाली, "अरे, मला काय हिरॉईन व्हायचंय? मला ब्लाउजची शिलाई दिसायला पाहिजे." मग थोडं थांबून, "आणि जरा बरी दिसले तर तुमचं काय बिघडलं?" मला हे दुसरं वाक्य जास्त आवडलं. काम की सौंदर्य, अशी रेघ आपण बाहेरून मारतो. नोएल यांच्या बायकांनाही ती रेघ सापडली नसती.

तिसऱ्या डॉक्टर डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जन होत्या. त्यांनी मावशीला डोळे मिटायला लावले, कपाळ पूर्ण सैल होऊ दिलं, मग अलगद उघडायला सांगून भुवईची जागा मोजली. पापणीची कडा बाहुलीपासून किती वर आहे ते पाहिलं. डोळे कोरडे आहेत का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारलं. पापण्या चिकटपट्टीने उचलून आणि न उचलता, अशी दोनदा नजरेच्या आवाक्याची चाचणी केली. निष्कर्ष असा: दोरी ठीक, कातडी जास्त, भुवई थोडी उतरलेली. त्या म्हणाल्या, "फक्त कातडी काढली तर दिसायला मोकळं होईल, पण भुवई थोडी खाली येणार. ती नको असेल तर ब्रो लिफ्टही लागेल." मावशीने थोडी उतरलेली भुवई पत्करली. सूज जायला काही आठवडे लागले, भुवई सांगितल्याप्रमाणे उतरली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तिला फसल्यासारखं वाटलं नाही, कारण काय होणार ते आधीच माहीत होतं.

तुम्ही काय कराल?

आरशासमोर बसा. डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, सावकाश उघडा. आता भुवई बोटाने हाडाच्या कडेपर्यंत उचला. घडी नाहीशी झाली तर प्रश्न बराचसा भुवईचा. भुवई जागेवर आहे आणि तरी कातडी केसांवर येते, तर प्रश्न कातडीचा. कातडी नाही, पण पापणीची कडाच बाहुलीवर येते, तर स्नायूचा. वर्षानुवर्षं हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांत हे तरुण वयातही दिसतं. बऱ्याच जणांत दोन गोष्टी एकत्र असतात. घरचा हा अंदाज फक्त डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, निदान म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. एका डोळ्याची पापणी अचानक उतरली, सोबत दोन-दोन दिसतंय, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसतात, डोकं जबर दुखतंय, तर थेट हॉस्पिटल गाठा. ती मेंदूतल्या रक्तवाहिनीची धोक्याची घंटा असू शकते. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी जड होत असेल, तर स्नायू थकवणारा मायस्थेनिया नावाचा आजार तपासून घ्या. ही दोन्ही दुखणी सौंदर्य क्लिनिकची नाहीत.

विम्याचंही बघा. दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला पॉलिसी सहसा पैसे देत नाही. नजरेला अडथळा असेल तर चाचणीचा कागद आधी हवा.

आणि ते माप. पापणीची कातडी काढताना भुवई आणि केसांच्या मध्ये साधारण २० मिलिमीटर कातडी राहिली पाहिजे, असा आजच्या सर्जनांचा ढोबळ नियम आहे. कमी राहिली तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं. सुश्रुतसंहितेतलं माप आणि हे २० मिलिमीटर, दोन्ही सांगतात ते किती ठेवायचं याबद्दल. म्हणून डॉक्टरांना "किती काढणार?" असं विचारू नका. "किती ठेवणार, आणि त्यानंतर माझी भुवई कुठे असेल?" हे विचारा. उत्तर देताना ज्यांनी मोजपट्टी हातात घेतली, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जायला हरकत नाही.

तुमच्या घरात कुणी दिवसभर भुवया उंचावून बसत असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!